मानाचा माईक

माझ्या धंद्यात भूत नसतं, अर्थिंग असतं.

देवळाच्या स्पीकरमधून कुणीतरी कण्हतंय म्हणून मला बोलावतात. मी जातो, तर पुजाऱ्याने अ‍ॅम्प्लिफायरची पिन फ्रीजच्या बोर्डात खुपसलेली असते आणि कण्हत असतो तो फ्रीज. एकदा एका चर्चमध्ये फादर प्रार्थना म्हणत असताना मधेच एक बाई खोबरेल तेलाची जाहिरात करू लागली... लोकांनी भराभर छातीवर क्रॉस काढले. निघालं काय, तर कुणीतरी टाकलेली स्वस्तातली लांबलचक वायर एरियलसारखी रेडिओ पकडत होती. कुणीतरी म्हणजे मीच. पण ते तिथे सांगितलं नाही.

तेव्हा अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. या ग्रुपवर लोक घाम फुटल्याचे अनुभव लिहितात आणि खाली एक आगाऊ माणूस 'आधी वायरिंग चेक करा' अशी कमेंट टाकतो ना — तो मीच. आता तुमची पाळी. घ्या सूड उगवून.

मी प्रार्थनास्थळांच्या आवाजाचं काम करतो. मंदिर, मशीद, चर्च, विहार, कुणाचंही. स्पीकर कुठे टांगायचे, भिंतींना काय लावायचं, घुमट किती घुमू द्यायचा, हे ठरवून द्यायचं. राहतो रोडपालीला, आणि कामं बहुतेक पनवेलच्या आसपासची. कारण आमच्याकडे गावोगावी जुनी कौलारू देवळं पाडून नवी बांधायचा सपाटा चालू आहे. जमिनींना भाव आले, तसे देवांना संगमरवर आले. आणि संगमरवर आला की मी येतोच. कौलारू लाकडी देवळात आवाज आपोआप मुरतो. काँक्रीट, संगमरवर आणि वर घुमट म्हटलं की म्हटलेला शब्द वर जातो, फिरतो, आणि पुढचा शब्द म्हणेपर्यंत मागच्याला घेऊन परत येतो.

ज्या गावाची ही गोष्ट, ते पळस्पे फाट्यापासून थोडं आत आहे. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. आगरी वस्तीचं गाव, मधोमध विठ्ठल-रखुमाईचं नवंकोरं मंदिर, आणि गावाच्या तिन्ही बाजूंनी टॉवर. मंडळाचा अध्यक्ष निलेश, तिशीतला, जमिनींचे व्यवहार करणारा, मोठ्या पांढऱ्या गाडीतून फिरणारा. त्याने मला फोन केला तोच असा, "दादा, आमच्या देवलात हरिपाठ बोलतात का बाजार भरलाय, कायच कलत नाय. तुमी येऊन बगा."

मी गेलो. घुमणं मोजायला आम्ही फुगा फोडतो — एक मोठा 'फाट्' आणि तो विरायला किती वेळ लागतो ते बघायचं. मी सभामंडपात फुगा फोडला. आत स्वयंपाकघरात बायका प्रसाद करत होत्या याची मला कल्पना नव्हती. त्यांना वाटलं सिलिंडर गेला. शिऱ्याच्या कढया तशाच टाकून त्या बाहेर पळाल्या, आणि एका आजीने मला झाऱ्याने मारायचंच काय ते बाकी ठेवलं. गावात माझी ओळख झाली ती 'फुगेवाला' म्हणून.

काम मात्र चांगलं झालं, हे निर्लज्जपणे सांगतो. घुमटाच्या आतून आवाज शोषणारी पॅनेल्स लावली, वर कमळाची नक्षी, कुणाला कळणारही नाही. खांबांना उंच बारीक स्पीकर लावले. बाहेरचे भोंगे काढून टाकले. टॉवरवाल्यांच्या तक्रारी रोजच्याच होत्या, आणि निलेशलाही कटकट नको होती. फक्त एक गोष्ट त्याने आवर्जून सांगितली.

"बाहेरचा आवाज बंद केलाव, तं आमच्या काकीला हरिपाठ कसा आयकाला येनार? तिच्या घरी एक बॉक्स लावाचा."

काकी म्हणजे हिराकाकी, बाळारामबुवांची बायको. बाळारामबुवा निलेशचे चुलते आणि या भजनी मंडळाचे जुने बुवा. मंडळ त्यांनीच उभं केलं, पोरांना टाळ धरायला त्यांनीच शिकवलं. काकी खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर होती. घर गावाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीमागे. मग आम्ही मिक्सरमधून, म्हणजे सगळे माईक जिथे येऊन मिळतात त्या यंत्रातून, एक वायर काढली, लोकांच्या गच्च्यांवरून, पेरूच्या झाडावरून नेत त्यांच्या घरात घातली, आणि काकीच्या खाटेशी एक छोटा स्पीकर बसवला. मंदिरात जे वाजेल ते तिथे ऐकू येईल.

आता माझी करामत.

बुवांना मागे एकदा झटका येऊन गेला होता. चालता-बोलता आले, पण आवाज थरथरायचा, सूर घसरायचा आणि ओळ अर्धी पुढे गेली की बुवा मागून यायचे. निलेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, बुवांना माईक दिल्याबिगर चालनार नाय. पन त्यांचा आवाज स्पीकरवर आला तं हरिपाठाची वाट लागंल. कायतरी करा ना."

मी हसलो. कारण या रोगावरचं औषध मी फार पूर्वीच शोधून ठेवलं होतं. त्याला मी म्हणायचो — मानाचा माईक.

गावात पालखीचा मान असतो, पहिल्या नारळाचा मान असतो, तसा आता माईकचाही असतो. तो द्यावा तर लागतो, पण चालू ठेवलाच पाहिजे असं कुठे आहे? मान वाकवलेला एक छान माईक घ्यायचा, आतली आवाज पकडणारी कॅप्सूल काढून दुसरीकडे वापरायची, बुडाशी सेल टाकून लाल बत्ती पेटती ठेवायची. वायर सतरंजीखाली जाते आणि तिथेच संपते. कित्येक ठिकाणी बसवलेत मी असे. एका ट्रस्टीने त्याच्यावर भलंमोठं भाषण ठोकलं आणि मला विचारलं, "कसा होता आवाज?" मी म्हटलं, "एकदम शांत." खूश झाला बिचारा.

बुवांपुढे मी तसाच मानाचा माईक ठेवला. बत्ती पेटलेली बघून त्यांनी त्याला हात लावून नमस्कार केला... आणि मला लाज वाटली नाही. हे नोंदवून ठेवतो. तेव्हा वाटली नाही.

हे गुपित आम्हा दोघांनाच माहीत — मला आणि निलेशला.

काम संपल्यावर थोड्याच दिवसांत निलेशचा फोन. "दादा, काकीच्या घरचा बॉक्स बिघडलाय. ती बोलते, सगले आयकाला येत नाय."

"कोण ऐकू येत नाही?"

"तेच तं ना! बोलते, बुवा सोडून कोनच येत नाय. पकवाज नाय, पेटी नाय, पोरा नाय. एकले बुवा." आणि तो खो खो हसला. "म्हातारीला बुवांबिगर कोन दिसतच नाय वाटतं!"

मीही हसलो. ज्या माणसाचा आवाज सिस्टीममध्ये शिरूच शकत नाही, तेवढाच ऐकू येतो म्हणे. वयाचा परिणाम, म्हटलं. तरी वॉरंटीचं काम, म्हणून दुपारी गेलो. मंदिरात मिक्सरवर मोबाइलवरचं गाणं लावलं, मग काकीच्या घरी जाऊन ऐकलं. स्पीकर मस्त वाजत होता. सांधे तपासले, वायर तपासली. सगळं ठीक.

काकी खाटेवरून माझी मजा बघत होती. गोरीपान, बारीक, डोळे लुकलुकते. म्हणाली, "तूच काय रं तो फुगेवाला?"

"हो काकी."

"मंग आता कशाला बगतोस? आता सगलाच येतंय. हरिपाठाच्या वक्ताला ये नि आयक. इंजिनेर हायस ना? दुपारचा हरिपाठ आसतो काय कुटं?"

संध्याकाळी परत गेलो. निलेशला सांगून ठेवलं होतं, त्याने मंदिरातून मला फोन लावून फोन खिशात चालूच ठेवायचा. म्हणजे मला तिकडचा खरा आवाज फोनवर आणि इकडचा स्पीकरवर, दोन्ही एकदम ऐकता येतील. मी काकीच्या खाटेशी स्टुलावर बसलो. सुनेने चहा आणून दिला. फोन कानाला.

फोनवर पखवाज सुरू झाला, टाळ सुरू झाले, पोरांचा दणदणीत आवाज आला. स्पीकर गप्प.

मी उठून बटण बघायला निघालो, तेवढ्यात स्पीकरमधून कुणीतरी घसा खाकरला... आणि बुवा गायला लागले.

एकटे. टाळ नाही, पेटी नाही, मागे पोरं नाहीत. थरथरता आवाज, घसरता सूर, ओळ अर्धी पुढे गेल्यावर मागून येणारे बुवा. मी फोन एका कानाला आणि दुसरा कान स्पीकरकडे करून उभा. तीच ओळ. तेच शब्द. फोनवर पोरांच्या गोंगाटाखाली बारीकसा खोकला ऐकू आला, आणि त्याच क्षणी तोच खोकला स्पीकरमधून — इतका जवळून की मी दचकून मागे सरलो.

"बग," काकी म्हणाली. "खोकला परत आयलाय. सांगते तं काढा घेत नाय."

तुम्ही म्हणाल, बाजूच्या माईकमध्ये शिरला असेल बुवांचा आवाज. मलाही पहिलं तेच सुचलं. पण बाजूच्या माईकमधून आला असता तर त्या माईकवाल्याचा आवाज दहापट मोठा आला असता ना? तो कुठे होता? मी स्पीकरची वायर उपटली. आवाज बंद. परत लावली, बुवा परत. म्हणजे आवाज वायरमधूनच येत होता. वायरचं दुसरं टोक मिक्सरमध्ये, आणि मिक्सरला बुवांचा माईक जोडलेलाच नव्हता. जोडायला त्या माईकमध्ये काही नव्हतंच.

आणि आणखी एक. हे माझ्या धंद्यातल्या माणसालाच कळावं असं आहे, पण सांगून बघतो. कुठल्याही आवाजात ती जागा मिसळलेली असते. बाथरूममध्ये गायलेलं ओळखू येतं, जिन्यात बोललेलं ओळखू येतं. मी कितीही पॅनेल्स लावली तरी त्या सभामंडपाचं घुमणं मला झोपेतही ओळखू आलं असतं, मीच मोजलंय ते. स्पीकरमधल्या आवाजात ते नव्हतंच. त्या आवाजात मंदिर नव्हतं. कुणीतरी त्याच खोलीत, खाटेच्या कडेला बसून गावं, तसा होता तो.

रेकॉर्ड का नाही केलं, असं खाली कमेंटमध्ये विचारणार आहात. विचारा. आयुष्यभर आवाजावर पोट भरलेला माणूस हातात फोन धरून नुसता उभा होता. सुचलंच नाही.

हरिपाठ संपला तसा स्पीकर गप्प झाला. काकी म्हणाली, "आता सांग, बाकीचे कुटं जातात?"

"बघतो काकी. वायरचा काहीतरी..."

"मला काय घाई नाय. पन ते रोज घरी आले का इचारतात, 'काय गो, माजा आवाज येतो काय तुला?' मी सांगते, 'येतो.' मंग इचारतात, 'नि पोरांचा?' आता काय सांगू? बोलते, तुमचा जास्त येतो." आणि ती हसली, खूप दिवसांचं साठवलेलं असावं तशी. "खूश होतात."

तेव्हा वाटली लाज. चहाचा कप तसाच खाली ठेवला. तो माणूस रोज संध्याकाळी माझ्या लाल बत्तीपुढे बसून खाटेवरच्या बायकोसाठी गात होता, आणि मी त्या दोघांच्या मधली वायर सतरंजीखाली कापून ठेवली होती. त्यातून आवाज येत होता, तो काही माझ्या कृपेने नव्हे.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आवाज कसा येतो ते राहू दे. माईक खोटा का लावलास?" मी म्हटलं, तो मुद्दा नाही. ती म्हणाली, "मग कुठला आहे?"

मी ठरवलं, खरा माईक लावायचा. कुणालाही न सांगता. निलेशने नको म्हटलं असतं, बुवांना सांगायचं तर आधीचा खोटा होता हेही सांगावं लागलं असतं. तसाच दिसणारा चांगला माईक आणला. अगदी महागातला. सतरंजीखालून वायर पुढे नेली, मिक्सरला जोडली. आणि इथे मी माझ्या कारकिर्दीतली सर्वात मोठी चूक केली. फुग्याच्या वरची. बुवांवर आधी अन्याय झाला म्हणून मी त्यांचा आवाज इतरांपेक्षा चढा ठेवला. शिवाय त्यांना स्वतःचं नीट ऐकू यावं म्हणून त्यांच्यासमोर एक छोटा स्पीकर त्यांच्याकडे तोंड करून ठेवला. अपराधी वाटणाऱ्या माणसाच्या हातात मिक्सर देऊ नये. तो भरपाई करायला जातो.

संध्याकाळी मी मागच्या खांबाला टेकून उभा राहिलो. पुण्य कमावलेल्या माणसाचा चेहरा करून.

हरिपाठ सुरू झाला. पोरांनी ओळ उचलली. बुवांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

सगळ्या खांबांमधून तो आवाज आला. थरथरता, घसरता, मागून येणारा. माझ्या पॅनेल्समुळे एकेक शब्द स्पष्ट. पोरांचा ताल चुकला. पेटीवाल्याने मान वर केली. बुवांनी डोळे उघडले, कपाळाला आठ्या घातल्या आणि मागे वळून बघितलं.

"ए, कोन रं तो रेकतोय मदीच?"

हेही माईकमधून गेलं. अख्ख्या मंदिरात. 'कोन रं तो रेकतोय.'

पोरं फिस्सकन हसली. वाईट नव्हती हो पोरं, हसू आलं, हसली. बुवाही हसले. परत वळले, परत ओळ धरली... आणि परत तोच आवाज समोरच्या छोट्या स्पीकरमधून त्यांच्याच तोंडावर आला. ते थांबले. आवाज थांबला. त्यांनी बोटाने माईकवर टकटक केलं. खांबाखांबातून टकटक झाली.

कुणी हसलं नाही मग.

बुवांनी माईकची मान हळूच शेजारच्या पोराकडे वळवली, टाळ उचलले आणि तोंड मिटून शेवटपर्यंत टाळ वाजवत राहिले. ठेका एकदाही चुकला नाही.

निलेश माझ्याकडे धावतच आला. "दादा, तुमाला कोनी सांगितला व्हता?"

"कुणीच नाही."

"मंग?"

मी मिक्सरकडे वळलो. त्यानेही पुढे ताणलं नाही. बोलायला गेला असता तर त्यालाही आधीचं सगळं बोलावं लागलं असतं.

बाहेर बुवा पायरीवर चपला घालत होते. मी पुढे झालो. म्हटलं, काहीतरी बोलू. त्यांनीच विचारलं.

"भाऊ, एक सांग. मी येवडे दिस असाच वाजत होतो काय?"

आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं? हो म्हणावं, तर इतके दिवस सगळं गाव हे ऐकत होतं. नाही म्हणावं, तर मग इतके दिवस काय होतं? मी म्हटलं, "बुवा, आज मशीनचं जरा..."

"मशीनचा काय दोस नाय." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पोरांची कमाल हाय बग. येवडा सगला आयकून घेतला, नि एक शबूद बोलला नाय कोन. गुनाची हायत पोरा. आता आपनच समजाला पायजे."

आणि मी मान हलवली. हो, गुणाची आहेत, असं म्हणालोसुद्धा. त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. की बुवा, त्यांनी काही सहन केलं नाही, तुम्हाला कुणी ऐकलंच नव्हतं. पण त्यातलं जास्त वाईट कुठलं हे मला ठरवता येईना, आणि मी नेहमी निवडतो तो सोपा रस्ता निवडला. हे इथे लिहितोय. त्यांना अजून सांगितलेलं नाही. म्हणूनच गावाचं नाव नाही.

त्या दिवसापासून बुवा रोज हरिपाठाला येतात. पहिल्या रांगेत बसतात. पोरं माईक त्यांच्यापुढे सरकवतात, ते परत सरकवून देतात. गात नाहीत. ओठसुद्धा हलत नाहीत. मी त्यांना एकदा म्हटलं, "मग घरी गा ना, काकीसमोर."

ते लाजले, खरंच लाजले. "घरात? घरात मी कवा गायलोय? ती तिकडं आनि मी इकडं, तसाच व्हता आमचा आयुष्यभर. तोंडावर कसा गायाचा बायकोच्या?"

आता तांत्रिक बाजू, कारण ती विचारणारे इथे बरेच आहेत. मी सगळं तपासलं. जुनी वायर काढून सोलून बघितली, मिक्सर उघडला. तो मानाचा माईकही घरी आणून टेबलावर उघडा करून ठेवला. आत मोकळी नळी, बत्ती आणि सेल. माझ्या गुरुस्थानी असलेल्या एका जुन्या इंजिनियरला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "अर्थिंग चेक केलंस?" मी फोन ठेवला. जे त्या स्पीकरमधून येत होतं ते कसं येत होतं, हे मला माहीत नाही. कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. पण खरं सांगू? मला त्याची भीती वाटत नाही. उलट ते परत व्हावं म्हणून मी एकदा गुपचूप खरा माईक काढून तो पोकळ माईक परत त्यांच्यापुढे ठेवून बघितला. बत्तीसकट. बुवांनी तोही बाजूला सरकवला. मग मी खरा परत लावला. तेवढा तरी खरा असू दे.

मागच्या आठवड्यात काकीने बोलावलं. निलेशकरवी नाही, सुनेच्या फोनवरून स्वतःच. संध्याकाळी ये म्हणाली.

गेलो. स्टुलावर बसलो. हरिपाठ सुरू झाला. स्पीकरमधून पखवाज आला, पेटी आली, टाळ आले, पोरं आली. दणदणीत, स्वच्छ, मंदिराच्या त्या घुमण्यासकट. ज्याला आम्ही धंद्यात उत्तम काम म्हणतो, तसं.

काकी छताकडे बघत पडून होती. ती बारीक झाली होती, की खाट मोठी वाटत होती कोण जाणे. मग तिने मान माझ्याकडे वळवली.

"सगले येतात आता."

"हो काकी."

"त्यांचा माईक बंद केलास काय रं?"

त्या घरात मी पहिल्यांदा खरं बोललो.

"नाही काकी. चालू आहे."

ती स्पीकरकडे कान करून वाट बघत राहिली. ओळ झाली, दुसरी ओळ झाली, पोरांनी तिसरी उचलली.

"आवाज जरा वाढव," ती म्हणाली.

मी वाढवला.